योहान 15 वाचायचाय? बांधावर जा
तासगाव भागात एप्रिलची खरड छाटणी झाली की द्राक्षबाग अगदी बोडकी दिसते. नवख्याला वाटतं, गेली बाग! पण त्यानंतर फुटणाऱ्या काडीतच पुढचे घड तयार होतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते बाहेर पडतात. म्हणून बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय, द्राक्षवेलाचा, एकदा बांधावर बसून वाचा. दुसऱ्या वचनात फळ देणाऱ्या फाट्यालाही कात्री लागते, अधिक फळासाठी. छाटलेल्या काडीच्या टोकाला पाणी ठिबकताना दिसलं, तर जरा थांबा. मग वहीत तारीख टाकून एकच ओळ लिहा (प्रवचन नको): यंदा माझं काय छाटलं गेलं? सुचलं नाही तर पान कोरं ठेवा, ऑक्टोबरात पुन्हा उघडा.