इन्फ्लिक्सिमॅबच्या तारखा आणि माझी वही

दर ८ आठवड्यांनी पहाटेच्या एसटीने मी साताऱ्याहून पुण्याला जाते, अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या आजारासाठी, सलाईनमधून इन्फ्लिक्सिमॅब घ्यायला. डॉक्टरांनी ज्यांना नुकतंच असं बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध) सुचवलंय, ते पहिलं हेच विचारतात, "ताई, गुण येतो का?"

येतो, पण सगळ्यांना नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या औषधाच्या मोठ्या चाचणीत आठव्या आठवड्याला शंभरातल्या साधारण ६९ जणांना फरक पडला. औषध नसलेलं नुसतं सलाईन मिळालेल्यांत ३७ जणांना. वर्षाच्या शेवटी आजार पूर्ण शांत असलेले मात्र ३५च्या आसपास होते. आणि चाचणीतले पेशंट पारखून घेतलेले असतात, त्यांच्या तारखा कुणीतरी सांभाळतं. आपल्याकडे पगार लांबतो, पोरांच्या परीक्षा येतात. म्हणून आपल्या तारखा आपणच सांभाळायच्या.

सुरुवात टीबीच्या तपासणीने करा. टीएनएफ नावाचं प्रथिन शरीरात दबलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायला मदत करतं, आणि हे औषध नेमकं त्यालाच अडवतं. छातीचा एक्स-रे आणि मँटू (हातावर टोचून बघायची टीबीची चाचणी) किंवा इग्रा ही रक्ताची तपासणी करून घ्या. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर मँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे तिथेच बोला. माझा हात चांगलाच टरारला होता, एक्स-रे स्वच्छ. महिनाभर आयसोनियाझिड ही टीबीची गोळी घेतल्यावरच पहिला डोस मिळाला, गोळ्या पुढेही चालू राहिल्या. तो महिना फार जड गेला, पण तो टाळू नका. हिपॅटायटिस बी तपासा. लसींचंही आधीच विचारा, कारण कांजिण्यांसारख्या जिवंत लसी नंतर घेता येत नाहीत.

डोस वजनावर ठरतो, किलोला ५ मिलिग्रॅम. माझं वजन ५२, म्हणजे २६० मिलिग्रॅम, १००च्या तीन बाटल्या. औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक ठेवा, पण बाटली त्याला थेट टेकू देऊ नका. मी मध्ये नॅपकिन घालते. खोक्यावरचा बॅच नंबर वहीत चिकटवा. पावडर पाण्यात विरघळवताना सिस्टर बाटली हलकेच गोल फिरवतात, खळखळ हलवत नाहीत. थेंब थेंब दोन तास, मग तासभर तरी तिथेच बसायचं.

दुसऱ्या वर्षी बरं वाटत होतं, पैशाची ओढाताणही होती, म्हणून मी एक डोस १४ आठवड्यांवर नेला. सलाईन सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तळहातांना खाज सुटली, छाती आवळली. सिस्टरनी लगेच सलाईन थांबवून इंजेक्शन दिलं. मोठा खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं. तपासणीत औषधाची पातळी घसरलेली निघाली; अँटिबॉडी थोड्याच होत्या, म्हणून डोस वाढवून निभावलं. पैशाची अडचण असेल तर ती पहिल्या डोसाआधीच सांगा. स्वस्त बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं) असतात, त्यांचा विचार तेव्हाच होऊ शकतो.

वहीत मी रोज दोन आकडे लिहिते: रात्री किती वेळा उठले आणि त्यात किती वेळा रक्त दिसलं. आतड्याची सूज दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी अधूनमधून होते; ती १५०च्या खाली आली की डॉक्टरही निवांत बोलतात. त्रास उलटला तर औषधाला दोष देण्याआधी शौचातला जंतुसंसर्ग तपासून घ्या.

पूर्वी टीबी झालेल्यांनी किंवा वय झालेल्यांनी वेडोलिझुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकबद्दल जरूर विचारावं. ते मुख्यतः आतड्यापुरतं काम करतं, गुण यायला मात्र वेळ लागू शकतो.

ताप, न थांबणारा खोकला, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, यातलं काहीही असेल तर डोस घ्यायच्या आधी फोन करा. गेल्या श्रावणात मला १०१ ताप होता. एसटीचं तिकीट काढलेलं होतं, तरी घरूनच फोन केला. डॉक्टरांनी तारीख सहा दिवस पुढे नेली. वहीत त्या तारखेवर काट मारून मी शेजारी "ताप, डॉक्टरांना विचारून" असं लिहून ठेवलंय.