आधी कूलर बंद करा, मग टेराहर्ट्झ मोजा

पोरहो, टेराहर्ट्झ लहरींनी (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेडच्या मधल्या) मेटासरफेसवर, म्हणजे सोन्याच्या बारीक कड्यांची नक्षी असलेल्या चिपवर, पातळ फिल्म मोजायला बसताय ना? मग पहिलं काम, खोलीतला कूलर बंद करा. मागच्या मे महिन्यात पारा 45 वर गेला म्हणून मी तो चालूच ठेवला, आणि जो डिप (स्पेक्ट्रममधला खड्डा) पाहून तीन दिवस खूश होतो तो निघाला 0.752 टेराहर्ट्झवरचा. पाण्याच्या वाफेची रेषा, बाकी काही नाही! नागपूरचा उन्हाळा फुकटात कोरडी हवा देतो, अन् आम्ही वाळ्याच्या ताट्यांतून तीच ओली करून आत घेतो. तेव्हापासून बीमचा सगळा मार्ग डब्यात बंद, आत कोरडा नायट्रोजन.

मुळात मेटासरफेस लागतो कशाला? 1 टेराहर्ट्झची लहर 300 मायक्रॉन लांब. 1 मायक्रॉनच्या पीएमएमए (ॲक्रिलिक प्लास्टिक) फिल्मचा अपवर्तनांक 1.6 च्या आसपास, म्हणजे त्या फिल्ममुळे टेराहर्ट्झची पल्स उशिरा येणार जेमतेम 2 फेम्टोसेकंदांनी. एवढ्यावर भरवसा कोण ठेवणार? सोन्याच्या कापलेल्या कड्यांमध्ये मात्र विद्युतक्षेत्र दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत दाटतं. फट कपॅसिटरसारखी वागते. तिच्यावर फिल्म बसली की कपॅसिटन्स वाढतो आणि डिप खालच्या वारंवारतेकडे सरकतो. ते सरकणंच मोजायचं.

कड्यांचं माप असं ठरवा की डिप 0.87 च्या जवळ पडेल. 0.752 आणि 0.988 या वाफेच्या दोन जोरकस रेषांपासून तो लांब राहतो, शिवाय खाली सरकायला जागा उरते. क्रोमियमच्या 10 नॅनोमीटर थरावर 200 नॅनोमीटर सोनं पुरतं. त्याहून फार पातळ केलं तर डिप उथळ होतो.

सब्सट्रेटपाशी, म्हणजे कड्यांखालच्या आधाराच्या तुकड्यापाशी, बहुतेक जण फसतात. जास्त रोधकतेचं सिलिकॉन पारदर्शक आणि हाताळायला सोपं, पण 3.4 अपवर्तनांकामुळे बरंचसं क्षेत्र तेच ओढून घेतं. पातळ पॉलिइमाइडवर (एक प्लास्टिक) डिप जास्त सरकतो. फक्त ते स्पिन कोटरवर (चिप गरगर फिरवून फिल्म चढवणारं यंत्र) वाकतं, म्हणून सुरुवात सिलिकॉननेच करा. पण जाड घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या वेफरमधून (सिलिकॉनच्या चकतीतून) पल्सचा प्रतिध्वनी 11 पिकोसेकंदांत परत येतो. तो मिसळू नये म्हणून तिथे सिग्नल कापला की रिझोल्यूशन उरतं 90 गिगाहर्ट्झच्या आसपास, त्यात बारीक सरकणं कुठलं दिसायला! 2 मिलिमीटर घेतलं तर साधारण 45 पिकोसेकंद मिळतात, म्हणजे 22 गिगाहर्ट्झ. सिग्नलच्या शेवटी शून्यं जोडून आलेख गुळगुळीत होतो, माहिती वाढत नाही. हे मी गाइडच्या शिव्या खाऊन शिकलो.

बीमचं विद्युतक्षेत्र फटीच्या आरपार, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हवं. चिप 90 अंशांत फिरवून बघा. हा डिप गायब झाला तर तो खरा.

मोजताना संदर्भ म्हणून त्याच जाडीचा कोरा सिलिकॉनचा तुकडा घ्या, नुसती हवा नको. आधी उघडी चिप, मग तीच चिप फिल्म लावून, शक्यतो त्याच दिवशी. जाडी प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाची उंची मोजणारं यंत्र) वेगळी काढा, कारण सरकण्याच्या एकाच आकड्यातून जाडी आणि अपवर्तनांक दोन्ही निघत नाहीत. ओळखीच्या पीएमएमएच्या चार-पाच जाड्या घेऊन जाडीविरुद्ध सरकण्याचा वक्र काढा. काही मायक्रॉनांनंतर तो सपाट होतो, कारण क्षेत्र तेवढ्याच उंचीपर्यंत पोचतं. त्यापुढची फिल्म या पद्धतीने मोजू नका.

सगळं झालं की फिल्म ॲसिटोनने धुवा आणि उघडी चिप पुन्हा मोजा. डिप जुन्या जागी परतला नाही, तर त्या दिवसाचे आकडे वहीत लाल पेनाने खोडा.