टीव्ही क्विझ गेममध्ये मराठीऐवजी प्रश्नचिन्हं येत असतील तर

मालिकांवरचा एक जुना, चाहत्यांनी बनवलेला फुकट क्विझ गेम आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवासाठी लावला. प्रश्न साध्या टेक्स्ट फाइलमधून येतात, म्हणून 'हमलोग' दूरदर्शनवर कोणत्या वर्षी सुरू झाली (१९८४) असे आपले प्रश्न त्यात घातले. इंग्रजी प्रश्न नीट दिसायचे. मराठीच्या जागी मात्र नुसती???? यायची. गुजरातीचंही तेच.

फॉन्ट बदलला, गेम पुन्हा टाकला, कंपॅटिबिलिटी मोडही लावून पाहिला. डोकं अगदी पिकलं.

कारण असं: गेम युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांना एकच अक्षर-यादी) आधीच्या पद्धतीचा, आणि देवनागरीला विंडोजमध्ये जुनं एएनएसआय कोडपेजच, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमना लागणारा अक्षरांचा तक्ताच, नाही.

आधी प्रश्नांची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथेही ???? दिसली, तर ती अक्षरं गेलीच, प्रश्न नव्याने टाइप करा. मग सेव्ह ॲज, खाली एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८' (युनिकोड अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत). त्याच्याच खालचा 'विथ बॉम' (फाइलच्या सुरुवातीला लपलेली खूण घालणारा) निवडू नका, पहिल्या प्रश्नाआधी कचरा अक्षरं येतात. नंतर कंट्रोल पॅनल, रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, चेंज सिस्टिम लोकेल. तिथे 'बीटा: यूज युनिकोड यूटीएफ-८' वर टिक, ओके, रीस्टार्ट. रीस्टार्टशिवाय काहीही बदलत नाही.

आमच्याकडे जोडाक्षरांसकट सगळं स्वच्छ दिसलं. त्याच मशीनवर जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर या टिकमुळे त्यातली अक्षरं बिघडू शकतात. खेळ संपला की टिक काढून पुन्हा रीस्टार्ट करा.