नवीन गोगलगाय सापडलीय असं वाटतंय? मग पुढं काय करायचं ते वाचा

पाऊस लागला की कास, ठोसेघर, बामणोली, नाहीतर शिराळ्याकडनं चांदोलीच्या बाजूला फिरणाऱ्या पोरापोरींचे फोटो सुरू होतात, "ही कुठली गोगलगाय, नवीन आहे का?" फोटोवरनं बहुतेक वेळा सांगता येत नाही. पण नवीन असू शकते हे मात्र खरंय. २०२१ मध्ये आंबोलीतनं वरदिया आंबोलिएन्सिस नावाची अर्धवट शंखाची गोगलगाय जाहीर झाली, तिच्यासाठी तर अख्खा नवा जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, करावा लागला. म्हणून ज्यांना मनापासून हे करायचंय त्यांच्यासाठी सगळं एका ठिकाणी लिहितोय.

आधी परवानगी. कोयना आणि चांदोली दोन्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथनं मेलेला रिकामा शंखसुद्धा खिशात घालून आणायचा नाही. अभ्यासाचं काम असेल तर कॉलेजच्या किंवा संस्थेच्या नावानं वनखात्याकडं रीतसर अर्ज करायचा, वेळ लागतो, आत्ताच टाका.

शोधताना नुसतं मोठ्या गोगलगायींच्या मागं लागू नका, कारण पाच मिलिमीटरच्या आतल्या बारक्या गोगलगायींकडं फार कमी लोकांनी बघितलंय आणि नवीन काही मिळायची शक्यता तिथंच जास्त. पालापाचोळा चाळणीनं चाळायचा, खाली पडलेला बारीक चुरा पिशवीत भरून घरी आणायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून भिंगाखाली निवांत बघायचा. जांभ्याच्या खाचा, ओल्या कड्याचा आतला भाग, कुजक्या लाकडाची साल, हे सगळं हातानं तपासायचं. ज्या जागी सापडली तिथंच जीपीएस, उंची, तारीख, कशावर बसली होती ते लिहून घ्यायचं, नंतर आठवून लिहिलेल्याला काही किंमत नसते. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. आणि जिवंत असतानाच अंगाचा रंग, शिंगं यांचे फोटो काढा कारण बाटलीत गेल्यावर रंग राहत नाही. आपल्याकडच्या स्ट्रेप्टॅक्सिडी कुळातल्या, म्हणजे दुसऱ्या गोगलगायी खाणाऱ्या ज्या आहेत, त्यातल्या बऱ्याच अंगानं पिवळ्या-केशरी असतात, बाटलीतल्या पांढुरक्या गोळ्याकडं बघून ते कळणारच नाही.

आता शंख. पहिला प्रश्न, ही पूर्ण वाढलेली आहे का? पिल्लाचा शंख मोठीपेक्षा इतका वेगळा दिसू शकतो की एकाच प्रजातीच्या दोन वाटतात. बऱ्याच गटांत वाढ पूर्ण झाली की तोंडाची कड जाड होते किंवा बाहेर वळते, पण सगळ्यांत नाही, म्हणून एकाच जागेवरचे लहानमोठे नमुने शेजारी शेजारी ठेवून बघा. मग शेंडा वर आणि तोंड आपल्याकडं धरायचं, तोंड उजवीकडं आलं तर उजवी, डावीकडं आलं तर डावी. आपल्याकडची एरिओफँटा लेव्हिपेस डावी असते. शंखाचं तोंड बंद करणारं झाकण आहे का बघा, असेल तर सायक्लोफोरिडी कुळासारख्या अगदी वेगळ्या शाखेत जावं लागतं. मग बेंबी, म्हणजे शंखाच्या बुडाला मधोमध असतं ते भोक, उघडी की बंद, तोंडात दात आहेत का, असतील तर कुठं आणि किती, पृष्ठभागावर रेघा, जाळी की केस.

शंखाचे वेढे मोजण्यात लोक सगळ्यात जास्त गोंधळतात म्हणून हे नीट वाचा. शेंड्याकडनं सरळ वरनं बघायचं, मधोमध जो पहिला अर्धगोल दिसतो त्याच्या बुडाशी मनात एक सरळ रेघ मारायची, तिथनं सुरुवात करून वेढा परत त्या रेघेवर आला की एक, असं तोंडाच्या कडेपर्यंत, आणि उरलेला भाग पाव-अर्ध्यात लिहायचा. उंची, रुंदी, तोंडाची उंची-रुंदी व्हर्नियरनं घ्या, बारक्यांची मायक्रोस्कोपवरच्या फोटोतनं. एकाच नमुन्याची मापं देऊन भागत नाही, कमीतकमी ते जास्तीतजास्त असा फरक द्यावा लागतो.

पण एक सांगतो, वेगळा शंख म्हणजे नवी प्रजाती नव्हे. ओलावा, चुना, खाणं यानं शंख लहानमोठा, जाडपातळ होतो. म्हणून आतलं अंग लागतंच. उकळून गार केलेल्या पाण्यानं बाटली काठोकाठ भरायची, हवा अजिबात ठेवायची नाही, त्यात रात्रभर ठेवली की गोगलगाय बाहेर पसरलेल्या अवस्थेत मरते, मग ७०-८० टक्के अल्कोहोल. डीएनएसाठी मात्र त्याआधीच दुसऱ्या नमुन्याच्या पायाचा तुकडा ९५ टक्क्यांच्या वर असलेल्या अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. फॉर्मेलिन नको, शंख खराब होतो आणि डीएनएही जातो. जननेंद्रियांची रचना आणि जिभेवरचे दात म्हणजे रॅड्युला, हे दोन बघायला जमलं तर अर्धी भांडणं मिटतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकांना जाऊन भेटा.

आणि आता खरं काम, जे जंगलात होत नाही. ब्रिटिश काळातल्या फौना ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथमालेतल्या मोलस्कांच्या, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांच्या, पहिल्या तीन खंडांपासून सुरुवात करा, १९०८, १९१४ आणि १९२१ चे, ऑनलाइन स्कॅन फुकट मिळतात. त्याच्याही मागं जावं लागतं, बेन्सनसारख्या जुन्या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात लॅटिनमध्ये चार ओळी लिहून, चित्रसुद्धा न देता प्रजाती जाहीर केल्यात, आणि तुमची "नवीन" गोगलगाय त्यातलीच एक निघू शकते. म्हणून मूळ नमुन्याचे फोटो मागवायचे, लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम, केंब्रिजचं प्राणिशास्त्र म्युझियम, कोलकात्याचं झेडएसआय (भारतीय प्राणी सर्वेक्षण), सभ्य भाषेत ईमेल करा. मला वाटतं यात सातारकरांना मोठा फायदा आहे. जुन्या वर्णनात ठिकाण महाबळेश्वर असं असेल तर परगावच्या माणसाला ती मोहीम आहे, आपण सकाळच्या एसटीनं जाऊन त्याच जागेवरचे ताजे नमुने बघून येऊ शकतो, आणि तुलनेला यापेक्षा चांगलं काही नाही.

हे सगळं करूनही वेगळीच ठरली तर लिहायला घ्या. एक होलोटाइप निवडायचा, म्हणजे ज्याच्यावर नाव टिकतं तो एकच नमुना, सोबतचे बाकीचे पॅराटाइप, आणि ते कुठल्या संग्रहात ठेवले ते लेखात छापायचं. १९९९ नंतरच्या नावांना हे प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमानं बंधनकारक आहे. घरातल्या कपाटात ठेवलेलं चालत नाही, आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानंही नवी प्रजाती सापडली की सरकारनं ठरवलेल्या संस्थेला कळवून नमुने तिथं जमा करायचे असतात. जवळच्या प्रजातींपासून ही कशानं वेगळी हे थोडक्यात सांगणारा परिच्छेद, म्हणजे डायग्नोसिस, तो सगळ्यात जास्त वेळ देऊन लिहा. "आकारानं मोठी" एवढं पुरत नाही, कुणापेक्षा आणि किती ते लिहा. लेख फक्त ऑनलाइन जर्नलमध्ये येणार असेल तर झूबँकची, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीतली, नोंदणी छापायच्या आधी झालेली पाहिजे आणि तसं लेखातही दिसलं पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्यच धरत नाहीत.

नाव गावावरनं द्या, डोंगरावरनं द्या, ज्या वाटाड्यानं जागा दाखवली त्याच्यावरनं द्या, फक्त स्वतःचं देत नसतात. एका पुरुषाच्या नावाला शेवटी साधारण आय (i) लागतो, बाईच्या नावाला एई (ae), आणि विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाप्रमाणं बदलतं, तेवढं जाणकाराकडनं तपासून घ्या.