शंखी गोगलगायींचा बंदोबस्त: पोत्याचा सापळा नीट लावा

गोगलगायींवर मीठ फेकायचा सल्ला सगळे देतात, तो आधी विसरा. ते मातीत उतरतं आणि पुढं रोपं जळतात.

ही शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये ती कोलकात्यात आली, आता पुण्यातल्या सोसायट्यांच्या बागांत आणि आसपासच्या भाजीच्या वाफ्यांतही सापडते. शंख मोठा, निमुळता, तपकिरी आणि गडद पट्ट्यांचा. शंख चपटा किंवा डावीकडे वळलेला दिसला तर ती आपली सह्याद्रीतली गोगलगाय समजा आणि तिला हात लावू नका.

मृगाचा पाऊस लागला की मातीत दडलेल्या गोगलगायी वर येतात. अंडी घालायच्या आत त्यांना गाठायचं, कारण एक गोगलगाय एका खेपेला शंभरावर अंडी घालते.

लोकांचं चुकतं ते पोत्यात. 'गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून ठेवा' एवढंच सगळे सांगतात. १० लिटर पाण्याला १ किलो गूळ घ्या. पोतं पिकाच्या मधोमध टाकू नका. दिवसा गोगलगायी बांधाच्या गवतात, दगडांत, खताच्या ढिगाखाली लपतात, म्हणून पोतं बांध आणि पीक यांच्या मध्ये हवं. दिवस मावळताना पसरा, पण चापून नको, खाली पोकळी राहू द्या. आत पपईची किंवा कोबीची पानं टाका. पावसानं गूळ धुतला गेला की पोतं पुन्हा भिजवा.

आणि उन्हं यायच्या आत पोतं उचलून खालच्या गोगलगायी वेचा! हे मी कितीही वेळा सांगेन. न उचललेलं पोतं सापळा राहत नाही, तुम्हीच त्यांना ओलसर घर बांधून दिलेलं असतं. खालची माती उकरून साबुदाण्यासारखी अंडीही काढा.

वेचताना हातमोजे घालाच. यांच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातला जंत असू शकतो, त्यानं माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या दाट पाण्यात बुडवा, मग चुना टाकून खोल पुरा.

मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगायी मारायच्या विषाच्या, गोळ्या शेवटचा उपाय. कुत्री-मांजरं त्या खातात आणि मरतात. शिवाय भारद्वाज पक्षी आणि काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, त्यांना जपायला हवं. गोळ्या वापरायच्याच असतील तर वेष्टनावरच्या मात्रेत, झाकून ठेवा.

बांधावर कोरड्या चुन्याचा पट्टा ओढा. पाऊस झाला की पुन्हा ओढा.

रोपवाटिकेतून आणलेली प्रत्येक कुंडी माती उकरून तपासा, आणि शेजारच्या बांधवाल्यालाही त्याच आठवड्यात पोती लावायला लावा.