निर्बंध आणि दहशतवादी यादी : वाद घालताना या चुका टाळा

'अमक्याला दहशतवादी घोषित केलं' एवढ्यावर थांबू नका. कोणी केलं आणि कोणत्या यादीत टाकलं, हे आधी बघा. येमेनमधल्या हुथी या सशस्त्र बंडखोर गटाला ट्रम्प सरकारने जानेवारी २०२१ मध्ये जाता जाता 'परदेशी दहशतवादी संघटना' ठरवलं. बायडन यांनी महिन्याभरात ते रद्द केलं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर २०२४ मध्ये बायडन यांनीच हुथींना पुन्हा यादीत घेतलं, पण वेगळ्या : 'विशेष निर्देशित जागतिक दहशतवादी'. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आधीचा शिक्का परत मारला.

बायडन यांच्या यादीने मालमत्ता गोठते, व्यवहार थांबतात. ट्रम्प यांच्या यादीने शिवाय जाणूनबुजून केलेली मदत हा थेट फौजदारी गुन्हा होतो, २० वर्षांपर्यंत कैदेचा. येमेनचं बहुतेक धान्य बाहेरून येतं आणि होदेदा बंदर हुथींच्याच ताब्यात आहे. त्यामुळे बँका, विमा कंपन्या, गव्हाचे व्यापारी सगळेच हात आखडता घेतील आणि उपाशी राहील ती सामान्य जनता, असा मदतसंस्थांचा आक्षेप. समर्थक म्हणतात, जहाजांवर क्षेपणास्त्रं डागणाऱ्यांचा पैसा आणि शस्त्रं तोडायची तर कठोर कायदाच हवा. हुथी चांगले असं यात कोणीच म्हणत नाही. तेव्हा आक्षेप घेणाऱ्याला 'दहशतवाद्यांचा कैवारी' म्हणू नका.

यादीत नाव आलं म्हणजे अटक झाली, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. संयुक्त राष्ट्रांच्या १२६७ समितीत (अल-कायदा, आयसिसशी संबंधितांवर निर्बंध लावणारी सुरक्षा परिषदेची समिती) १५ सदस्यांपैकी एकानेही हरकत घेतली की नाव अडकतं. चीनने अडवणूक सोडली तेव्हा कुठे १ मे २०१९ रोजी मसूद अझहरचं नाव लागलं. त्यातून मालमत्ता गोठवणं, प्रवासबंदी आणि शस्त्रबंदी एवढंच होतं. खटला किंवा प्रत्यार्पण नाही. गोठवलेल्या खात्यातूनही समितीच्या परवानगीने घरखर्च काढता येतो. हाफिज सईदला २०१९ मध्ये दरमहा दीड लाख पाकिस्तानी रुपयांची मुभा मिळाली होती.

'भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो' हे धोरण म्हणून खरं. तरीही मे २०१९ मध्ये इराणवरच्या अमेरिकी निर्बंधांतून मिळालेली सवलत संपताच भारतात येणारं इराणी तेल बंद झालं, कारण टँकरचा विमा आणि डॉलरचे व्यवहार दिल्लीच्या हातात नाहीत.

क्युबाबद्दल लिहिताना तारीख टाकाच. दहशतवादाला थारा देणाऱ्या देशांच्या यादीत १९८२ ला आत, २०१५ ला बाहेर, २०२१ ला पुन्हा आत. १४ जानेवारी २०२५ ला बायडन यांनी नाव काढायचं जाहीर केलं, २० जानेवारीला ट्रम्प यांनी ते फिरवलं. आणि ही यादी म्हणजे व्यापारबंदी नव्हे. नाव निघालं तरी १९६२ पासूनची बंदी उठत नाही. ती पूर्ण उठवायला अमेरिकी काँग्रेसलाच कायदा बदलावा लागतो.