दोघांनीच होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने लांबचा प्रवास करायचा तर

किनाऱ्याला धरून आठ-दहा दिवस होडी चालवायची आणि माणसं दोनच, असं ठरलं की आखणीचा एक नियम पक्का करावा: होडीवरचं प्रत्येक काम एकट्याला जमलं पाहिजे. एकाला बोट लागली, एकाचा हात दुखावला किंवा एक जण पाण्यात पडला, की खलाशी एकच उरतो. म्हणून निघण्याआधी इंजिन सुरू-बंद करणं, सुकाणू, नांगर आणि रेडिओ ही चार कामं दोघांनीही जागा बदलून करून बघावीत. बहुतेक जोड्यांत एकच जण कायमचा तांडेल होतो आणि दुसरा दोर धरतो. ही सवय आधी मोडा.

टप्पे ठरवताना नकाशावरचं अंतर पाहून चालत नाही, इंधनाचा हिशेब लागतो. समजा टाकी ३०० लिटरची आहे आणि १८ नॉट (म्हणजे तासाला १८ सागरी मैल, एक सागरी मैल साधारण १.८५ किलोमीटर) वेगाला तासाला ३६ लिटर पेट्रोल जातं, म्हणजे एका सागरी मैलाला २ लिटर. एक तृतीयांश, म्हणजे १०० लिटर, राखीव सोडले की १०० मैल हाती राहतात. पण समोरून लाटा आल्या, वेग १२ नॉटवर आला आणि तासाला ३२ लिटर जायला लागले, तर मैलाला जवळजवळ पावणेतीन लिटर लागतात आणि तेच १०० मैल ७५ वर येतात. तेव्हा टप्पा नेहमी वाईट दिवसाच्या आकड्यावर बेतावा. मैलाला किती लिटर जातात हे आपल्याच होडीवर, पूर्ण सामान भरून, मोजून घ्या. माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या होडीचा असतो.

तरीही दोघांसाठी रोज ४० ते ५० मैल पुरेत. पहाटे निघावं, कारण दिवस तापला की समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो आणि दुपारनंतर पाणी खवळतं. मुक्कामाला सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचावं. प्रत्येक टप्प्याच्या मध्ये आसऱ्याची एक पर्यायी जागा हेरून ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण मोकळा सोडा. ठरल्या तारखेला ठरल्या ठिकाणी पोहोचायचंच, हा हट्ट खराब हवामानात माणसांना बाहेर काढतो.

मुक्कामाची जागा खाडीच्या आत असेल तर भरतीचं गणित चुकवू नका. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून लाटा आल्या की त्या आखूड आणि उभ्या होतात, आणि मुखाशी वाळूचा दांडा असेल तर तिथेच फुटतात. मागून येणारी फुटती लाट होडी आडवी फिरवते. त्यामुळे आत शिरायचं ते भरतीच्या शेवटच्या तासा-दोन तासांत. समुद्राकडून पाहताना फुटत्या लाटांची फक्त पाठ दिसते आणि त्या असतात त्याहून लहान वाटतात, म्हणून बाहेर थांबून दहा मिनिटं निरीक्षण करावं. मन घेत नसेल तर पर्यायी जागा गाठावी.

कोणत्या वेळी किती पाणी असेल याचा अंदाज बारांशाच्या नियमाने येतो. दिवसातून दोन भरत्या येतात तिथे साधारण सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा बारांशांनी चढतं. चढ-उतार ३ मीटर असेल तर पहिल्या तासात २५ सेंटीमीटर, दुसऱ्यात ५०, तिसऱ्या-चौथ्यात ७५-७५, मग ५० आणि शेवटी २५. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत हा फरक वाढतो; भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत कमी होतो. अनोळखी मुखातून आत शिरायचं असेल तर भांगाचे दिवस बरे.

नांगर टाकताना सर्वांत मोठी चूक दोर कमी सोडण्याची असते. खोली ४ मीटर, पाण्यापासून नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) उंची १ मीटर आणि अजून चढणारी भरती ३ मीटर, म्हणजे ८ मीटर धरायचे. पूर्ण साखळी असेल तर त्याच्या पाचपट, ४० मीटर. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, ५६ मीटर. दोर आखूड राहिला की ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर रुतण्याऐवजी उपटला जातो. वाऱ्याकडे तोंड करून होडी थांबवा, नांगर तळाला लागेपर्यंत हळूच सोडा, होडी मागे सरकू लागली की दोर देत राहा आणि शेवटी इंजिन मागच्या गिअरमध्ये घालून ओढून बघा. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून अर्धा तास लक्ष ठेवा; रेषा सरकत राहिली तर नांगर घसरतोय. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून पुढे, मागे, थांब आणि नांगर सोड यांच्या हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात.

धक्क्याला लागताना उडी मारू नका आणि होडी व धक्का यांच्या फटीत हात-पाय घालू नका. फेंडर, म्हणजे होडी धक्क्याला घासू नये म्हणून कडेला लावायच्या गाद्या, आधीच लटकवा. दोघांना सोपी पडते ती युक्ती अशी: होडीच्या मध्यावरच्या खुंटीचा दोर धक्क्यावर थोडा मागच्या बाजूला अडकवायचा, सुकाणू धक्क्याच्या विरुद्ध बाजूला वळवायचं आणि इंजिन अगदी मंद पुढे ठेवायचं. होडी धक्क्याला चिकटून राहते आणि बाकीचे दोर निवांत बांधता येतात.

इंजिनाच्या बहुतेक तक्रारी इंधनातून येतात. टाकीच्या तळाशी साचलेला गाळ आणि पाणी लाटांनी ढवळून निघतं आणि फिल्टर तुंबतो, तोही नेमका खवळलेल्या पाण्यात. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा, दोन जास्तीचे जवळ ठेवा आणि ते बदलायचा सराव धक्क्यालाच करा. अनोळखी ठिकाणचं पेट्रोल आधी पारदर्शक बाटलीत थोडं घेऊन स्थिर ठेवावं. पाणी असेल तर तळाला बसतं. इंधनाच्या नळीवरच्या हातपंपाचा रबरी फुगा चपटा होत असेल तर टाकीकडून येणारी वाट अडली आहे. पहिल्यांदा टाकीची हवेची झडप उघडी आहे का ते बघा. थंडाव्याच्या पाण्याची धार बंद पडली तर लगेच इंजिन बंद करून पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लास्टिक अडकलंय का ते तपासा. तिथे काही नसेल तर पंपाचं रबरी चक्र गेलेलं असू शकतं. ते एक जास्तीचं हवंच. त्याबरोबर स्पार्क प्लग, फ्यूज, पंखा आणि त्याच्या पिना.

लाईफजॅकेट घालूनच बसा. सुकाणूवरच्याने इंजिन बंद करणारी दोरी (माणूस पडला की हिची चावी निसटते आणि इंजिन थांबतं) अंगाला अडकवावी आणि तिची जास्तीची चावी दुसऱ्याच्या हाताशी ठेवावी. नाहीतर तांडेलच पडला तर मागे राहिलेल्याला इंजिन चालू करता येत नाही. माणूस पडला की तरंगणारी वस्तू फेका, जीपीएसवर जागा नोंदवा, नजर हटवू नका आणि जवळ गेल्यावर इंजिन बंद करा, गिअर सुटा करून भागत नाही. भिजलेलं माणूस एकट्याला वर ओढता येत नाही. त्यामुळे पाण्यात खोलवर जाणारी, पाण्यातूनच उघडता येणारी शिडी असल्याशिवाय निघू नये.

व्हीएचएफ (होडीवरचा संपर्काचा) रेडिओ चॅनेल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठी ठरलेल्या चॅनेलवर, चालू असू द्या. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’ तीनदा, होडीचं नाव तीनदा, मग पुन्हा ‘मेडे’ आणि नाव, पुढे ठिकाण, काय झालं, कोणती मदत हवी, माणसं किती. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून रेडिओशेजारी चिकटवा. किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे रोजचा टप्पा, पोहोचायची वेळ आणि किती उशीर झाला की किनारा रक्षकांना कळवायचं हे लिहून द्या. मार्ग बदललात तर ते त्याला लगेच सांगा, आणि नांगर पक्का बसला की पहिला निरोप त्यालाच.